सेवा आणि सन्मान

प्रस्तावना

हॉटेलात, खानावळीत किंवा ढाब्यावर आपण जेवायला बसतो तेव्हा समोर गरम ताट येते. ते ताट आणणारा वाढपी सकाळपासून किती तास उभा आहे, आतल्या आचाऱ्याला पगार वेळेवर मिळतो की नाही, भांडी घासणारी बाई रात्री उशिरा घरी कशी जाते, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ते टाळता येत नाहीत. आज तो स्वतः वाढपी किंवा स्वागतकक्षातील मदतनीस असेल. काही वर्षांनी दहा-वीस माणसांच्या पाळ्या ठरवणारा व्यवस्थापक होईल. म्हणून या शिक्षणात पाककला आणि पाहुण्यांचे स्वागत यांच्याबरोबरच मनुष्यबळविषयक कायदे आणि व्यवसायनीती यांनाही स्थान आहे.

तुमच्यापैकी अनेकजण काम सांभाळून शिकत आहात. त्यामुळे या पाठातील काही प्रसंग तुम्हाला ओळखीचे वाटतील. आपल्या अनुभवाशी ताडून पाहत हा पाठ वाचा.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• कायदा आणि नीती यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करणे;
• वेतन, वेतनातील कपात आणि जादा काम यांविषयीच्या प्रमुख तरतुदी सांगणे;
• आतिथ्य व्यवसायातील सुरक्षिततेचे प्रश्न ओळखणे;
• एखाद्या प्रसंगात कायद्याने काय आवश्यक आहे आणि न्याय्य काय आहे, याचा स्वतंत्र विचार करणे.

मूळ पाठ

१. आतिथ्य : परंपरा आणि व्यवसाय

घरी आलेल्या पाहुण्याला पाणी-गूळ देण्याची आपली रीत जुनी आहे. परंतु घरचे आतिथ्य आणि व्यवसायातील आतिथ्य यांत एक महत्त्वाचा भेद आहे. घरी यजमान स्वतः राबतो. व्यवसायात यजमानाचे नाव पाटीवर असते आणि राबणारी माणसे दुसरी असतात. त्या माणसांचे हक्क कोणी पाहायचे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण मुंबईच्या गिरणगावात आढळते. गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे असत. कायद्याच्या दृष्टीने त्या कोणाच्या नोकर नव्हत्या आणि बँकेच्या दृष्टीने त्या व्यावसायिकही नव्हत्या. अडीअडचणीला सावकाराकडेच हात पसरावा लागे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या स्त्रियांना संघटित केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याची वाट खुली केली. स्वयंपाक हेही श्रमाचे काम आहे आणि ते करणाऱ्याला समाजात स्थान आहे, ही जाणीव या प्रयत्नातून दृढ झाली.

याच मुंबईत १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने हॉटेल व्यवस्थापन व आहारशास्त्राचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. दादर येथील ही संस्था या क्षेत्रातील देशातल्या आद्य संस्थांपैकी एक आहे. आज अशा संस्था देशभर आहेत आणि त्यांतून बाहेर पडणारे विद्यार्थी तारांकित हॉटेलांपासून कारखान्यांच्या उपाहारगृहांपर्यंत सर्वत्र काम करतात.

छत्तीसगडमधील बीरगांवचेच पाहा. रायपूर शहराला लागून असलेल्या या गावाच्या परिसरात उरला आणि सिलतरा ही मोठी औद्योगिक क्षेत्रे आहेत. अशा ठिकाणी आतिथ्य व्यवसाय म्हणजे केवळ झुंबरे आणि गालिचे नव्हेत. कारखान्याची कँटीन, मालमोटारींसाठी रात्रभर उघडा असणारा रस्त्याकडेचा ढाबा, कामगारांची खानावळ, लग्नसराईत जेवणावळी उठवणारे केटरर, ही सर्व त्याचीच रूपे होत. नव्या कायद्यानुसार शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत उपाहारगृहाची सोय करण्याची तरतूद आहे. इतरांच्या कल्याणासाठी असलेल्या या कँटीनमध्ये काम करणाऱ्याचे कल्याण कोण पाहणार, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला पाहिजे.

२. कायदा आणि नीती

कायदा ही किमान मर्यादा आहे. तिच्याखाली गेल्यास दंड किंवा शिक्षा होते. नीती ही त्या मर्यादेच्या वरची गोष्ट आहे. ठरलेले किमान वेतन दिले की कायद्याचे समाधान होते. पण आजारी आचाऱ्याला तापात भट्टीपुढे उभे करावे का, याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात सापडेलच असे नाही. ते व्यवस्थापकाच्या विवेकात शोधावे लागते.

असे असले तरी नीतीच्या नावाखाली कायद्याला बगल देता येत नाही. 'आमच्याकडे सगळे घरच्यासारखे राहतात' असे म्हणणारा मालक नेमणूकपत्र देत नसेल, तर त्याच्या घरगुती जिव्हाळ्याचा नोकराला उपयोग नाही. मालकाशी बिनसले की कामाचा पुरावाच हाती राहत नाही. म्हणून विद्यार्थ्याने प्रत्येक प्रसंगात दोन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, कायदा काय सांगतो? दुसरा, कायदा पाळल्यानंतरही कोणावर अन्याय उरतो का?

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आजचा कायदा माहीत हवा. देशातील २९ कामगार कायद्यांचे एकत्रीकरण करून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. वेतन संहिता २०१९ सालची असून औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीच्या संहिता २०२० सालच्या आहेत. यांशिवाय दुकाने व आस्थापना यांसाठी राज्यांचे स्वतंत्र कायदे असतात. छत्तीसगडचा २०१७ सालचा असा कायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आला.

पाठगत प्रश्न १

(अ) योग्य पर्याय निवडा.
अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना कोणत्या वर्षी झाली?
(क) १९५४ (ख) १९७५ (ग) २०१७
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
प्रत्येक प्रसंगात विद्यार्थ्याने कोणते दोन प्रश्न विचारावेत?

३. फुटलेली कपबशी आणि पगार

वर्गात चर्चेसाठी एक प्रसंग घेऊ. समजा, एका हॉटेलात वाढप्याच्या हातून सहा कपबश्या फुटतात. मालक महिनाअखेरीस त्याच्या पगारातून एक हजार रुपये कापतो. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक पैसे न देता निघून जाते. त्याचे बिलही त्याच वाढप्याच्या नावावर मांडले जाते. 'हॉटेलात असेच चालते', असे त्याला सांगण्यात येते.

कायदा काय सांगतो ते पाहू. वेतन संहितेनुसार पगारातून मनमानी कपात करता येत नाही. नोकराच्या ताब्यात विशेषकरून दिलेल्या वस्तूचे नुकसान थेट त्याच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल, तरच भरपाई कापता येते. तीही प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नसावी आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. दंडाची गोष्ट याहून वेगळी आहे. आधी जाहीर केलेल्या चुकांसाठीच आणि नोकराचे म्हणणे ऐकूनच दंड करता येतो. त्या कालावधीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा तो अधिक असू शकत नाही. दंडाची रक्कम मालकाच्या गल्ल्यात जात नाही. ती कर्मचाऱ्यांच्या हितासाठीच वापरावी लागते. सर्व प्रकारच्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत.

आता थोडा हिशेब करू. एखाद्याचा दर तासाला ६० रुपये आहे असे धरू. रोज आठ तास आणि महिन्याला २६ दिवस काम केल्यास त्याचे वेतन १२,४८० रुपये होते. त्याला महिनाभरात जास्तीत जास्त ३७४ रुपये ४० पैसे एवढाच दंड करता येईल. तो रोज दोन तास अधिक थांबत असेल, तर महिन्याला ५२ तास जादा काम होते. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने, म्हणजे तासाला १२० रुपयांप्रमाणे द्यावा लागतो. ही रक्कम ६,२४० रुपये, म्हणजे त्याच्या पगाराच्या बरोबर निम्मी होते. 'थोडे थांब रे, गर्दी आहे' या साध्या वाक्याची किंमत एवढी असू शकते. म्हणून हजेरीची नोंद वेळेसह ठेवणे नोकराच्या जितके हिताचे आहे, तितकेच ते प्रामाणिक मालकाच्याही हिताचे आहे.

मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाले पाहिजे. नोकरी सुटली किंवा सोडली, तर देणे असलेले वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावे लागते. सारख्या कामासाठी स्त्री आणि पुरुष यांच्या वेतनात भेद करता येत नाही.

यानंतर दुसरा प्रश्न येतो. कपबश्या का फुटल्या? फरशी ओली होती का? एका माणसावर दहा टेबलांचे काम होते का? बाराव्या तासाला हात थरथरणे हा निष्काळजीपणा म्हणावा का? असा विचार करणारा व्यवस्थापक केवळ दंडाचा आकडा पाहत नाही, तर कामाची रचनाच सुधारतो.

४. बक्षिसी कोणाची?

पाहुणा खूश होऊन टेबलावर बक्षिसी ठेवतो. ती कोणाची? रोख पैसे असतील तर प्रश्न सोपा वाटतो. पण कार्डाने बिल भरताना बक्षिसीही हॉटेलच्या खात्यात जमा झाली, तर? असाच एक वाद आयकराच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २६ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, ही रक्कम पाहुण्याने स्वेच्छेने कर्मचाऱ्यांसाठी दिलेली असते. हॉटेल ती केवळ त्यांच्या वतीने स्वीकारून त्यांना वाटते. म्हणून ती मालकाने दिलेला पगार ठरत नाही. बक्षिसी पाहुण्याच्या मनातून येते आणि पगार मालकाच्या कर्तव्यातून येतो. 'तुला बक्षिसी मिळतेच की' असे म्हणून पगार कमी ठेवणे योग्य नव्हे, हा धडा विद्यार्थ्याने यातून घ्यावा.

याच विषयाची दुसरी बाजू म्हणजे सेवाशुल्क. अनेक हॉटेले बिलात आपोआप सेवाशुल्क जोडत असत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून ही पद्धत मना केली. त्यांना हॉटेलचालकांच्या संघटनांनी आव्हान दिले. परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. सेवाशुल्क देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे, त्याची सक्ती करता येत नाही. या पैशातून नोकरांचे भले होते, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. नोकरांचे भले करायचे असेल, तर त्याचा राजमार्ग म्हणजे चांगला पगार. ग्राहकाला अंधारात ठेवून नोकराचे भले साधणे नीतीला धरून नाही.

५. संरक्षण म्हणजे बंदी नव्हे

हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांशी थेट संबंधित असलेला एक खटला या विषयाच्या वर्गात आवर्जून अभ्यासण्याजोगा आहे. १९१४ सालच्या पंजाब अबकारी कायद्याचे एक कलम दिल्लीत लागू होते. त्यानुसार जेथे मद्यप्राशन होते अशा जागी कोणत्याही स्त्रीला आणि पंचवीस वर्षांखालील पुरुषाला कामावर ठेवण्यास मनाई होती. जे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडत, त्यांच्यासाठी नोकरीचे एक दार त्यामुळे बंद होते. विद्यार्थी पुरुष असेल तर ते पंचविशीनंतर उघडे आणि स्त्री असेल तर कधीच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २००६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. त्याविरुद्धचे अपील 'अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया' या नावाने सर्वोच्च न्यायालयात आले आणि ६ डिसेंबर २००७ रोजी ते फेटाळले गेले.

कामाची जागा असुरक्षित असेल, तर ती सुरक्षित करणे हे राज्याचे आणि मालकाचे काम आहे. स्त्रीला कामावरून दूर ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, असा या निर्णयाचा आशय आहे. आजच्या संहितेतही स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळीत काम करण्याची मुभा आहे. त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मात्र मालकावर आहे. 'बायकांना रात्री ठेवायचे म्हणजे कटकट' असे म्हणणारा व्यवस्थापक आपलीच जबाबदारी झटकत असतो.

या व्यवसायातील आणखी एक नाजूक बाजू म्हणजे पाहुण्याचे वागणे. लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली त्याविषयी स्वतंत्र कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही स्त्रीला सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे हा कायदा सांगतो. म्हणजे खोली आवरायला गेलेल्या मुलीशी पाहुणा गैर वागला, तर 'पाहुणा आहे, सांभाळून घे' हे उत्तर चालत नाही. पाहुण्याचा मान राखताना कर्मचाऱ्याची अब्रू पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही हॉटेलला नाही.

६. हॉटेलातला पोऱ्या

टेबल पुसणारा, चहाचे पेले उचलणारा लहान मुलगा आपल्याकडे इतका परिचित आहे की त्याला 'पोऱ्या' हे नावच पडले. त्याचे खरे नाव कोणी विचारत नसे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल, ढाबा, चहाची टपरी अशा ठिकाणी कामाला ठेवण्यावर बंदी आली. २०१६ सालच्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या नोकरीवर सर्वच व्यवसायांत बंदी घातली. शाळेची वेळ सोडून स्वतःच्या कुटुंबाच्या कामात हातभार लावण्याची मोकळीक ठेवली. 'बिचाऱ्याच्या पोटाची सोय होते' हा युक्तिवाद आपण ऐकतो. पण ज्या हातात पेला दिला जातो, त्याच हातातून पाटी सुटते. लहानपणी शाळा सुटलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पाठगत प्रश्न २

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या ........ दराने द्यावा लागतो.
२. दंडाची रक्कम वेतनाच्या ........ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी.
३. ........ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती आवश्यक आहे.
(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. ग्राहकाने बक्षिसी दिली की मालकाला पगार कमी करता येतो.
२. सेवाशुल्काची ग्राहकावर सक्ती करता येत नाही.

७. संकटसमयीची परीक्षा

गोव्यात हडफडे येथील एका नाइटक्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली. तीत २५ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुसंख्य तेथे काम करणारे कर्मचारीच होते. आग विझवण्याची साधने, बाहेर पडण्याचे मार्ग आणि परवाने या गोष्टी अनेकांना कागदोपत्री बाबी वाटतात. अशी दुर्घटना घडते तेव्हा त्या कागदांमागे माणसांचे प्राण असतात, हे कळते. पाहुणा तासा-दोन तासांसाठी येतो. आचारी आणि मदतनीस मात्र रोज त्याच जागेत दहा-दहा तास असतात. म्हणून अग्निसुरक्षा हा इमारतीपुरता विषय नसून तो मनुष्यबळाचाही विषय आहे. संकटकाळी बाहेर पडायचे दार कुलूपबंद असेल किंवा त्यापुढे पोती रचलेली असतील, तर ते बोलून दाखवण्याचे धैर्य नव्या कर्मचाऱ्यातही असले पाहिजे आणि ते ऐकून घेण्याची वृत्ती व्यवस्थापकात असली पाहिजे.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा अनेक कर्मचाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून पाहुण्यांना वाचवले. त्यांत काहींनी प्राण गमावले. असे बलिदान कोणताही कायदा मागू शकत नाही आणि कोणत्याही मालकाने ते गृहीत धरू नये. परंतु संस्थेने माणसाला सन्मानाने वागवले, तर माणूसही संस्थेच्या पाहुण्यांना आपले मानतो, एवढा बोध यातून घेता येतो.

८. हे विषय कसे शिकावेत?

कलमांचे क्रमांक पाठ करून हे विषय येत नाहीत. प्रसंग मांडावा, वर्गाचे गट पाडावेत. एका गटाने मालकाची, दुसऱ्याने नोकराची आणि तिसऱ्याने ग्राहकाची बाजू मांडावी. नंतर बाजू बदलाव्यात. काल नोकराच्या बाजूने बोललेला विद्यार्थी आज मालकाच्या खुर्चीत बसतो, तेव्हा त्याला भाडे, वीजबिल आणि पगार यांची सांगड घालावी लागते. अडचणी दोन्हीकडे असतात, हे त्याला समजते. आणि अडचण सांगून कोणाचा हक्क बुडवता येत नाही, हेही समजते.

या विषयांचा पहिला कस विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रशिक्षणकाळातच लागतो. हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काम करावे लागते. शिकाऊ मुलांना स्वस्त मजूर समजून बारा-बारा तास केवळ भांडी पुसायला लावणे हे शिक्षण नव्हे. शिकाऊ उमेदवार म्हणून रीतसर करार झाला असल्यास १९६१ सालच्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार विद्यावेतन मिळते. म्हणून कोणत्या नात्याने आपण तेथे जात आहोत, हे प्रशिक्षणार्थीने कागदावर समजून घ्यावे.

मालक आणि नोकर हे नाते वेगळ्या रीतीनेही बांधता येते, याचे उदाहरण म्हणजे इंडियन कॉफी हाउस. १९५७ च्या सुमारास कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास सुरुवात केली, तेव्हा नोकरी गेलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था स्थापन केल्या आणि कॉफीगृहे स्वतः चालवायला घेतली. रायपूरमध्येही असे कॉफी हाउस आहे. तेथे कॉफी आणून देणारा माणूस संस्थेचा सभासद असू शकतो. प्रत्येक हॉटेल सहकारी होणार नाही. परंतु ज्याच्या कष्टावर व्यवसाय उभा आहे त्याला त्यात आवाज असावा, हे तत्त्व कोणत्याही ढाब्याला आणि कोणत्याही तारांकित हॉटेलला लागू पडते.

शब्दार्थ

आस्थापना – व्यवसायाचे किंवा कामाचे ठिकाण. बक्षिसी – खूश होऊन दिलेले पैसे. संहिता – एका विषयावरील नियमांचा संग्रह. विद्यावेतन – शिकत असताना मिळणारी ठरावीक रक्कम. घटनाबाह्य – राज्यघटनेशी विसंगत. कस लागणे – परीक्षा होणे. बगल देणे – टाळणे.

तुम्ही काय शिकलात?

• कायदा किमान मर्यादा ठरवतो. त्यापुढील जबाबदारी नीतीची असते.
• वेतनातील कपात, दंड आणि जादा काम यांना निश्चित नियम आहेत.
• बक्षिसी ही पगाराची जागा घेऊ शकत नाही.
• स्त्रियांना कामापासून दूर ठेवणे म्हणजे संरक्षण नव्हे. कामाची जागा सुरक्षित करणे हे खरे संरक्षण होय.
• सेवा करणाऱ्याचा सन्मान राखणे हाही आतिथ्याचाच भाग आहे.

स्वाध्याय

१. 'कायदा ही किमान मर्यादा आहे', या विधानाचे स्पष्टीकरण तुमच्या परिसरातील उदाहरण देऊन करा.
२. अनुज गर्ग खटल्यातील निर्णय हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थिनींच्या दृष्टीने का महत्त्वाचा आहे?
३. गिऱ्हाईक पैसे न देता निघून गेल्यास मालक, वाढपी आणि व्यवस्थापक यांच्यात होणारा संवाद लिहा.
४. तुमच्या जवळच्या खानावळीत, कँटीनमध्ये किंवा ढाब्यावर काम करणाऱ्या व्यक्तीशी बोलून तिच्या कामाचे तास, सुट्टी व वेतन यांविषयी माहिती मिळवा. तिचे नाव न लिहिता दहा-बारा वाक्यांत टिपण तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) (ख) १९७५. (आ) कायदा काय सांगतो, आणि कायदा पाळल्यानंतरही कोणावर अन्याय उरतो का, हे दोन प्रश्न विद्यार्थ्याने विचारावेत.
२. (अ) १. दुप्पट २. तीन ३. दहा. (आ) १. चूक २. बरोबर.